दमाची मशीन

१

दयानंदच्या फुफ्फुसात तेल निघालं होतं.

खाण्याचं तेल नव्हे. कुलपात, बिजागरीत, सायकलच्या साखळीत सोडतात ते पाण्यासारखं पातळ तेल. माणसाच्या छातीत ते जायला वाट नसते. कोणीतरी ती करून द्यावी लागते.

पंचशीला सोनकांबळे यांनी तो अहवाल तीनदा वाचला. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं लोकांचं रक्त आणि थुंकी तपासली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही हे पाहायला त्या कोपऱ्यावरून परत येत. स्वतःवर भरवसा ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. समोर बसलेली त्यांची भाची प्रियदर्शनी मात्र नेमकी या पुन्हापुन्हा तपासण्याच्या सवयीसाठीच आली होती. लातूरच्या कोर्टात वकिली सुरू करून तिला चार वर्षं झाली होती आणि गुरुवारी तिच्या अशिलाच्या जामिनाची सुनावणी होती. आज सोमवार.

हकिकत तिने थोडक्यात सांगितली. दयानंद सव्वीस वर्षांचा, मूळचा लोह्याचा. वडील रामलिंग शेती करतात, आई सिंधुबाई ब्लाउज शिवतात. तो लातूरला एका छापखान्यात शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचा. त्याला ई-सिगारेटचा नाद होता. तिला पोरं पेन म्हणतात. आतल्या कापसातून गोड वासाचं लिक्विड तापलेल्या तारेवर चढतं, त्याची वाफ होते, ती ओढायची. देशात विक्रीला बंदी आहे; ती मिळते, पण हळू आवाजात. ऑगस्टपासून दयानंद खोकायला लागला, दिवाळीनंतर दवाखान्यात पडला आणि नोव्हेंबर संपायच्या आत गेला. त्याच्या पेनमधल्या कापसातही तेच तेल सापडलं.

पोलिसांनी धरलं ते त्याच्या खोलीतल्या सोबत्याला. आदिनाथ, मोबाईल दुरुस्त करणारा, बिलोलीचा. पेन धुणं, कापूस बदलणं हे काम दयानंद त्याच्याकडून करून घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या दुकानात तसल्याच तेलाची बाटली निघाली. दोघांचं ऑगस्टमध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं आणि "मर मग त्याच्यातच" हे आदिनाथचे शब्द शेजारच्या तीन खोल्यांनी ऐकले होते. वर आणखी एक गोष्ट. दयानंदला ताप आणि खोकला चढायचा तो सोमवारी. आदिनाथचं दुकान बंद असतं तेही सोमवारी.

"आत्या, मला तो खरा वाटून राहिलाय," प्रियदर्शनी म्हणाली, "पण कोर्टात मला काय वाटतं ते कोण विचारतं?"

पंचशीलाताईंनी फोटो उचलला. पेनचे सुटे केलेले भाग पांढऱ्या कागदावर मांडले होते. ज्या भागात वाफ होते, ज्याला ॲटोमायझर म्हणतात, तो त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आपल्या हातून काही तरी चुकत असेल, असं त्यांना वाटलं.

"हे नवं होतं का?"

"नाही. वर्षभर वापरलेलं."

"मग चिकटा कुठंय? आट्यांत काळं कुठंय?" त्यांनी फोटो उलटा ठेवला. "मरेपर्यंत हे कोणीतरी फार मायेनं धुतलंय, प्रिया. कोणी, ते आधी शोधू."

२

तुरुंगातल्या भेटीत आदिनाथ मान वर करेना. पंचशीलाताईंनाही अनोळखी माणसाशी बोलणं जड जाई, त्यामुळे सुरुवातीला दोघंही जाळीकडेच पाहत बसली. शेवटी त्यांनी त्याला जे येत होतं तेच विचारलं, की ती वस्तू नीट धुतात कशी.

तिथे मात्र तो कारागीर झाला. सांगू लागला की आधी बॅटरी वेगळी करायची, तिला पाण्याचा हातही लावायचा नाही. बाकीचं कोमट पाण्यात हलवायचं. साबण लावला तर तो निघेपर्यंत विसळायचं. पुसून भागत नाही, पूर्ण सुकायला तीन-चार तास द्यायचे. ओलं असताना चालू केलं तर तार जळते, घशात पाणी उडतं. कापूस करपला की टाकायचा, धुऊन पुन्हा वापरायचा नाही.

"आणि तेल?"

"तेल कामाचंच न्हाई मॅडम. एक थेंब न्हाई. आतली रबराची रिंग कोरडी पडली तर त्याच्याच लिक्विडचं बोट फिरवायचं. तेल तापलं की वाफेबरोबर छातीत जाऊन बसतं. मला हे ठाऊक हाय, म्हणूनच पोलीस म्हणतात की तूच टाकलं."

मग त्याने भांडणाचं सांगितलं. ऑगस्टमध्ये त्याने दयानंदला बजावलं होतं की ही थेरं सोड, मी आता हात लावणार नाही. त्यानंतर त्याने खरंच हात लावला नव्हता. दयानंद स्वतः धूत असेल का, असं पंचशीलाताईंनी विचारल्यावर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा हसला. जो माणूस चहाचा कप विसळायचा नको म्हणून बाहेर जाऊन चहा पितो, तो काय धुणार?

दिवाळीत तो नऊ दिवस बिलोलीला होता. परत आला त्याच दिवशी दयानंद लोह्याहून आला, तो धापा टाकतच. खोलीवर आल्यावर त्याने कोणतं औषध घेतलं, काय खाल्लं, हे सगळं आदिनाथला तोंडपाठ होतं. कारण दयानंदला पाठीवर घेऊन त्यानेच जिना उतरवला होता.

"माझं सोडा," निघताना तो म्हणाला. "दुकानाचा मालक दुसरा भाडेकरू बघून राहिलाय म्हणे. सुटलो तरी माझ्याकडं मोबाईल कोण देईल आता? लोकं म्हणतील, ह्यानं मित्राच्या पेनात तेल घातलं."

बाहेर येऊन पंचशीलाताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. ऑगस्टपासून धुणारा दुसराच आहे. आणि सर्वांत मोठं दुखणं आलं ते आदिनाथ गावात नसताना.

३

दयानंदला लिक्विड विकणाऱ्या गुरुलिंगचं जनरल स्टोअर शिकवण्यांच्या गल्लीत होतं. दर्शनी भागात वह्या आणि बिस्किटं. बाकीचं सगळं त्याच्या खुर्चीखाली. वकील मुलगी बघून त्याने आधी तो मालच कधी पाहिला नसल्याचं सांगितलं. प्रियदर्शनीने त्याला शांतपणे समजावलं की त्याच्यावरही संशय येऊ शकतो, लिक्विडमध्येच तेल असलं तर. तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला आणि तोंड सुटलं.

त्याचं म्हणणं होतं की त्याच खोक्यातल्या चाळीस बाटल्या गेल्या, बाकी सगळे धडधाकट आहेत, चौकात उभे राहून धूर काढून राहिलेत. दयानंद तर उलट त्याच्याशी भांडायला आला होता. ऑक्टोबरात जुना कॉइल, म्हणजे आतल्या तारेचा भाग, घेऊन आला आणि म्हणाला, याला कसलीतरी चव लागते; कसली, ते मात्र सांगेना.

"मी उघडून बघितला," गुरुलिंग म्हणाला. "वरून तर असा लखलखीत, की मला वाटलं यानं वापरलाच न्हाई. मी म्हणलं, भाऊ, देवघरात ठेवतो की काय याला?"

छापखान्यात वर्षाराणी भेटली. ती मुद्रितं तपासायची, दयानंदच्या शेजारच्या टेबलावर. त्यांचं लग्न ठरल्यात जमा होतं, एवढं शेजारच्या बायकांनी आधीच सांगितलं. तिने रजेचं रजिस्टर आणून पुढे ठेवलं. आपल्यालाही कोणी विचारेल याची ती इतके दिवस वाट पाहत होती, असं दिसलं.

दयानंदच्या रजा सोमवार-मंगळवारच्याच होत्या. शुक्रवारपर्यंत तो माणसात यायचा. शनिवारी संध्याकाळची बस धरून लोह्याला जायचा, रविवारी रात्री परत. पंचशीलाताई बोट ठेवत ठेवत खाली आल्या आणि सप्टेंबरात एका जागी थांबल्या. त्या आठवड्यात एकही रजा नव्हती.

"तेव्हा चाचणी परीक्षेचे पेपर होते," वर्षाराणी म्हणाली. "रविवारीही छापखाना चालू होता. तो गावी गेलाच नाही."

पंचशीलाताईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मोजलं. आपलं चुकत असावं अशी त्यांची आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून इच्छा होती.

वर्षाराणी खालच्या आवाजात बोलत होती. तिला मधे वाईट संशय आला होता, गावाकडे दुसरी कोणी मुलगी असल्याचा. कारण पेन ठेवायला दयानंदकडे एक पिशवी आली होती, आतून फ्लॅनेलचं अस्तर, तोंडाशी नाडी, टाका असा बारीक की दिसू नये. कोणी शिवली म्हणून तिने खनपटीला बसून विचारलं, तर म्हणाला, आईने.

"मी म्हणलं, तुझ्या आईला हे चालतं? तर हसला. म्हणाला, तिनं विचारलं काय हाय, मी म्हणलं दमाची मशीन."

प्रियदर्शनीला काही कळलं नाही. पंचशीलाताईंना कळलं. पोरांच्या बोलीत दम म्हणजे झुरका. आईच्या कानात दम म्हणजे दमा.

४

बुधवारी सकाळी दोघी लोह्याला उतरल्या. रामलिंग शेतात गेले होते. सिंधुबाई खिडकीशी पायमशीनवर बसल्या होत्या. लेक जाऊन महिनाही झाला नव्हता, पण लग्नसराईतल्या ब्लाउजांना थांबता येत नव्हतं. आम्ही दयानंदच्या मृत्यूची चौकशी करतो, एवढंच पंचशीलाताईंनी सांगितलं. सिंधुबाईंनी चहा टाकला आणि एकच गोष्ट फिरूनफिरून बोलत राहिल्या.

"त्या आदिनाथला फाशी व्हाया पायजे, बाई. दिवाळीला माझ्या हातच्या करंज्या डबा भरून धाडल्या व्हत्या त्याला. मला दुसरं काय नको आता. तेवढं झालं की मी डोळे मिटले तरी चालंल."

पंचशीलाताईंनी कप खाली ठेवला. विचारलं, की दयानंदला दमा कधीपासून होता.

आज्याकडून आलेला, सिंधुबाई म्हणाल्या. सासऱ्यांना दम लागायचा, ते खाटेवर बसल्या-बसल्या गेले. श्रावणात पोराच्या खिशात ती मशीन दिसली तेव्हा त्यांना सासरेच आठवले होते. पण पोराने समजावून सांगितलं की ओढली की बरं वाटतं. मग त्यांनी तिची काळजी घ्यायला सुरुवात केली. पोरगं घाणेरडं, कधी धुणार नाही. छातीत जाणारी वस्तू, ती स्वच्छ नको का?

रविवारी दुपारी तो झोपला की त्या मशीन उघडत. बॅटरीची बाजू बाजूला. तिला पाणी लावू नको, हे त्यानेच एकदा सांगितलं होतं. बाकीचे भाग कोमट पाण्यात. मग पांढऱ्या फडक्यावर पसरून उन्हात. दर हप्त्याला नवा कापूस, तोही उकळून घेतलेला. आदिनाथने जाळीआडून जे जे सांगितलं होतं, ते सगळं ही बाई न शिकता बिनचूक करत होती.

"मग संध्याकाळी जोडायच्या?" पंचशीलाताईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"जोडायची. तेल द्यायचं आन् जोडायची."

प्रियदर्शनीने मान वर केली. सिंधुबाईंनी सहज मशीनच्या टेबलाचा खण ओढून लांब नळीची प्लास्टिकची कुपी काढून दाखवली. तीस वर्षं त्यांचा हाच नेम होता. मशीन कोणतीही असो, धुतली-पुसली की तेल द्यायचं. न दिलं तर ती कुरकुरते, जाम होते, आणि कामाच्या वेळी दगा देते.

"किती थेंब?"

"दोनच. जास्ती कशाला. दिवाळीत मात्र रोज दिलं, पाच दिवस. लई खोकत व्हता न. मला वाटलं, मशीनच बरोबर चालून न्हाई राहिली."

बाहेर लातूरकडे जाणारी बस हॉर्न देत गेली. पंचशीलाताईंना वाटलं, उठावं आणि त्या बसमागे पळावं. हे प्रियदर्शनी कोर्टात सांगू शकत होती; कागदावर लिहून, साहेबांच्या तोंडून, वर्तमानपत्रातून ते या खिडकीपर्यंत पोचलं असतं. न सांगितलं तर बिलोलीचा एक पोरगा जाळीआड म्हातारा झाला असता. सांगितलं तर ही बाई. दोघांना पुरेल इतकं खरं त्यांच्याकडे नव्हतं.

पंचशीलाताई सिंधुबाईंच्या शेजारी, कात्रणांच्या ढिगावर बसल्या आणि सांगितलं. ती मशीन दम्याची नव्हती. ती कशाची होती. तेल तापलं की कुठे जातं. सोमवार का, आणि दिवाळीनंतरच का. एकही शब्द त्यांनी वाढवला नाही, एकही गाळला नाही.

सिंधुबाईंनी ऐकता ऐकता हातातली बाही पूर्ण केली, दोरा दाताने तोडला.

"दोन थेंबानं?"

"दोन थेंबांनी नाही, ताई. दर रविवारी दोन."

सिंधुबाईंनी कुपीची नळी पदराने पुसली. मग ती खणात ठेवली, खण लावला आणि विचारलं,

"त्या पोराचं कोर्ट कवा हाय?"

"उद्या."

"मी येते."

५

त्याच संध्याकाळी लातूरच्या पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणारा हवालदार भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शेवटी आपल्या मनाने लिहिलं, की सदर तेल नजरचुकीने टाकण्यात आले. वाचून दाखवल्यावर सिंधुबाई म्हणाल्या, हे खोडा.

"चूक कशी म्हणता? माझी नजर कधी चुकली न्हाई. बघून, मोजून टाकलं मी."

जाणूनबुजून लिहिलं तर अर्थ भलताच होतो, हे त्याने तीनदा समजावलं. प्रियदर्शनीनेही सांगितलं. त्यांना पटलं नाही. दोन्ही शब्दांत त्यांचं काम बसत नव्हतं आणि तिसरा शब्द हवालदाराकडे नव्हता. शेवटी त्याने नुसतं 'टाकले' असं लिहिलं. सिंधुबाईंनी खाली सही केली. रामलिंग दाराशी उभे होते, आत आले नाहीत. घरी परतताना ते बसमध्ये पुढच्या बाकावर बसले आणि सिंधुबाई मागच्या.

गुरुवारी आदिनाथला जामीन मिळाला. खटला पुढे टिकणार नाही, असं प्रियदर्शनी म्हणत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. आदिनाथच्या दुकानाला दुसऱ्या भाडेकरूचं कुलूप लागल्याचं तिला सकाळीच कळलं होतं. बिलोलीहून त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर सिंधुबाई बसल्या होत्या. आदिनाथ पायऱ्या उतरता उतरता थांबला, मागे आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. पंचशीलाताईंना वाटलं, तो शिव्या देईल, किंवा त्या त्याची माफी मागतील. दोन्ही झालं नाही.

"एक इच्यारू का?" सिंधुबाई म्हणाल्या. "त्याला ठाऊक व्हतं का रे?"

"काय, काकू?"

"तेलाचं."

आदिनाथने पंचशीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली.

"न्हाई काकू. त्याला कसं ठाऊक असंल?"

"खोटं नको बोलू. माझ्या मशीनखाली झोळी बांधून वाढवलंय मी त्याला. मशीनच्या तेलाचा वास त्याला आईच्या अंगाच्या वासाइतका कळत व्हता."

आदिनाथ खाली बसला, त्यांच्या पायांपाशी, फरशीवर. त्याने विचारलं,

"तुमच्यासमोर ओढायचा का तो?"

"माझ्यासमोरच. मीच म्हणायची, घे बाबा दम, बरं वाटंल." त्यांनी पदर सावरला. "मी बघत असले की जास्तीच वढायचा."